तणसाचा लमसेना

झिंगूच्या घराचा कूड उसवला की लटारू कपाळाला हात लावायचा. बांबूच्या कामट्यांची भिंत ती, कुठं ना कुठं उसवायचीच. पण झिंगू त्या भोकातून बाहेर बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हे एवढं बुजव गा लटारू, मंग लगनाचं बोलू." भोक बुजलं की खळं सारवायचं निघायचं. खळं झालं की बांध, बांध झाला की मासे धरायचं जाळं, आणि जाळं विणून होईतो कूड पुन्हा उसवलेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. सुकरीचं नाक चांगलं जागच्या जागी होतं, विघ्नं मात्र तिच्या बापानं घरीच पाळून ठेवली होती.

एटापल्लीच्या वाटेवर आत जंगलात कोसमटोला म्हणून गाव, तिथली ही गोष्ट. ज्या पोराजवळ मुलीच्या बापाला द्यायला देज नसतं तो तिथं लमसेना होतो. मुलीच्या घरी जाऊन राहायचं, तिच्या बापाच्या शेतात राबायचं, आणि बाप 'पुरे' म्हणाला की मांडव घालायचा. रीत चांगली आहे, तिला नावं ठेवू नका. खोट होती ती झिंगूत. 'पुरे' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी उगवलाच नाही.

सुकरी काही मागं हटणारी नव्हती. लटारू आला त्या साली दोघांनी मिळून नाल्यात मासे धरले होते आणि पोट दुखेपर्यंत हसले होते. पुढं पुढं ते हसणं राहून गेलं. दिवस झिंगूच्या कामात जायचा, आणि अंधार पडला की झिंगू पाय पुढं करून शिकारीच्या जुन्या गोष्टी सांगायचा, लटारू पाय चेपत "हो जी, हो जी" म्हणायचा. गोष्टीतला वाघ दरवेळी थोडा वाढायचा. सुकरी चुलीपाशी बसून ऐकायची आणि मग कूस बदलून झोपी जायची.

मुलूख नुकताच मुंबई राज्याला जोडला होता. नागपूरची राजधानी गेली होती, आणि कुठल्या खात्यानं काय करायचं हे खात्यांनाच कळत नव्हतं. त्या धांदलीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की भाताच्या तणसापासून, म्हणजे पेंढ्यापासून, साखर करावी. झालं! पुण्याचे देवस्थळे नावाचे एक सडेफटिंग साहेब बैलगाडीतून कोसमटोल्यात येऊन थडकले. गाडीत मोठा तांब्याचा हंडा, काचेच्या बाटल्या, आणि मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली एक बरणी. रस्ताभर तिला त्यांनी तान्ह्या लेकरासारखी धरली होती.

गाव जमलं. गावची माणसं आपसात गोंडी बोलत, साहेबाशी झाडीपट्टीची मराठी.

"तनसाची साखर करान, तं बैलं काय खातीन?" डोमानं विचारलं. डोमा गावचा भुमिया, म्हणजे देवाधर्माचं आणि भांडणतंट्याचं तोच बघणार.

"चोथा उरेल की."

"पन साहेब, गोड पायजे तं मोहफूल आहे ना. झाडाखाली पडून राह्यते. उचला अन् खा."

"ते आपोआप गोड असतं हो," साहेब कळवळून म्हणाले. "त्यात विज्ञान कुठं आहे?"

गावात सगळ्यात मोठी तणसाची गंजी झिंगूची. ती कुणाच्या घामावर रचली ते सांगायला नको. साहेबांनी हंडा झिंगूच्या अंगणात मांडला. झिंगूची छाती फुगली. त्यानं लटारूचं मनगट धरून त्याला पुढं ओढलं. "हा घ्या साहेब. हा काईबी करते."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा लटारूचं डोकं सटकलं. सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "अन् माहं लगन?"

झिंगू हसला. साहेब आपल्या अंगणात उतरला याची धुंदी होती, त्यातच मोहाच्या दारूचीही थोडी होती. त्यानं मूठभर माती उचलली. "या तनसाचा गूळ होऊ दे. त्याच गुळानं तोंड गोड करून लगन लावतो. मोह पडाच्या आत झाला तं झाला. नाई तं पुढच्या सुगीनंतर पाहू."

म्हणजे उंबराला फूल येऊ दे, मग बघू. माणसं खो खो हसली. सुकरी हसली नाही. माती उचलून दिलेला शब्द कोसमटोल्यात मोडता येत नाही, एवढं तिनं मनात धरून ठेवलं.

काम सुरू झालं. तणस बारीक कापायचं, चुन्याच्या निवळीत भिजवायचं, हंड्यात दडपून वाफवायचं, मग नाल्यावर नेऊन चुना निघेपर्यंत धुवायचं. लटारूच्या हाताची सालं निघाली. साहेबांनी समजावलं की तणसात साखरेच्या साखळ्यांचे तंतू असतात, पण त्यांच्याभोवती एक चिवट काष्ठद्रव्य आवळून बसलेलं असतं. चुना आणि वाफ ते सैल करतात, तंतू उघडे पडतात.

"हे तं नवरीचं न्हानं झालं," सुकरीची आई इतवारी म्हणाली. "मंग नवरा कुठी आहे?"

साहेबांनी बरणी उचलली. तंबूचं कापड कुजवणारी एक बुरशी असते, तिचा तो रस. "यात विकर आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत."

"जिते आहेत का?" डोमानं विचारलं.

"नाहीत."

"मंग मेले?"

"मेलेलेही नाहीत. ते कधी जिवंत नव्हतेच."

"अन् काम करतेत?"

"अखंड."

"खातेत काय?"

"काही नाही."

झिंगूचे डोळे लकाकले. असा मजूर त्याला जन्मात भेटला नव्हता.

"विकर येतो," साहेब रंगात आले, "तंतूला चिकटतो. चिकटल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. चिकटला की तंतू तोडतो, साखर सुटते, आणि तो पुढं सरकतो. पुन्हा चिकटतो, पुन्हा राबतो. स्वतः मात्र होता तसाच राहतो."

"म्हंजे लमसेनाच आहे ना थो!" इतवारी म्हणाली.

लमसेना म्हणजे काय ते साहेबांना सांगावं लागलं. ऐकून त्यांनी टाळी वाजवली. "अगदी बरोबर! तणसाच्या घरचा लमसेना!"

भल्या माणसा, जीभ आवरायची होतीस! पुण्यात उपमा दिली की लोक मान डोलावतात आणि चहा पितात. कोसमटोल्यात लमसेना म्हटलं की पंचायत लागू होते. त्याच घडीला डोमानं जाहीर केलं की हंड्यात एक लमसेना राहायला आला आहे आणि त्याला रीतीप्रमाणं वागवलं पाहिजे. लमसेन्याला उपाशी ठेवलं तर घराला दंड असतो. इतवारी रोज सकाळी पळसाच्या द्रोणात पेज घालून हंड्यापाशी ठेवू लागली. "तो काही खात नाही हो बाई," साहेब म्हणायचे. इतवारी म्हणायची, "पाहुना पयले पयले लाजतेच." पेज कोंबड्या खायच्या आणि इतवारीला वाटायचं, लागला जेवायला. हंडा कोमट राहावा म्हणून लटारू निखारे सारत बसायचा. शेजारचा वारलू आपलंही तणस घेऊन आला आणि आपल्या घरी असं स्थळ का नाही म्हणून रुसून बसला. डोमानं एक माणूस राखणीला बसवला, कारण लमसेने कधी कधी मुलीला घेऊन पळून जातात.

साहेबांनी हंड्यातल्या पाण्याचे थेंब बाटलीतल्या निळ्या औषधात घालून तापवले. साखर असेल तर औषध विटकरी लाल होतं. ते निळंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही निळं. बरणीतून आणखी रस ओतला, तरी निळं ते निळंच. मोहाला कळ्या दिसू लागल्या होत्या आणि लटारूच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

साहेबांनी वरचं पाणी काढून त्यात सुताचा धागा टाकून ठेवला. बरणीच्या रसात धागा विरून जायचा. या पाण्यात तो जसाच्या तसा. साहेब डोकं धरून बसले.

"पाण्यात एकही विकर उरलेला नाही. सगळे तणसाला चिकटलेत."

"मंग चांगलं आहे ना," लटारू म्हणाला.

"चांगलं कसलं! तंतूला नाही चिकटले ते. त्या काष्ठद्रव्याला चिकटून बसलेत. त्याच्याशी त्यांना तोडण्यासारखं काही नाही, आणि तिथून सुटताही येत नाही. नुसते बसलेत मुकाट."

इतवारी हळूच म्हणाली, "माय वो! थो सासऱ्यालेच चिकटला."

सगळ्यांच्या माना एकदम लटारूकडं वळल्या. लटारूचे कान तापले. त्याला कूड आठवला, बांध आठवला, जाळं आठवलं, झिंगूच्या टाचांच्या भेगा तर न बघता मोजता आल्या असत्या. आणि सुकरीशी शेवटचं कधी बोललो ते आठवायला गेला, तर काही केल्या आठवेना. त्यानं चुलीकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याला धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

प्रकरण पंचायतीत गेलं. मोहाच्या झाडाखाली दुपारी पंच बसले. हंडा चटईवर बसवला. विकराला घेऊन आलेला सोयरा म्हणून देवस्थळे साहेबांच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि वरपक्षाच्या जागी बसवलं. तणस झिंगूचं, म्हणून म्हाताऱ्या काष्ठद्रव्याच्या वतीनं झिंगू उभा राहिला.

"तुमच्या पोरानं काम सोडलं, खरं का?" डोमानं साहेबांना विचारलं.

"सोडलं नाही. अडकलाय तो."

"कोनी अडकवलं?"

"काष्ठद्रव्यानं. पण त्यात त्याचा काही हेतू नसतो हो, तो त्याचा स्वभावच आहे."

"हेतू काऊन पायजे?" झिंगू एकदम उसळला. "म्हातारा आहे थो! सारा जनम त्यानं त्या तंतूले सांभाळलं, वाऱ्यात उभं ठेवलं. आता हे दोघं साखर होऊन चालले जातीन. मंग म्हाताऱ्याजवर कोन बसन? त्याची गोष्ट कोन आयकन? कोनी जवर आलं तं धरनारच ना थो!"

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. आपण कुणाबद्दल बोललो हे त्याचं त्यालाच उमगलं असावं, कारण तो झटकन खाली बसला आणि चिलीम शोधू लागला. लटारूला इतक्या दिवसांत कधी त्याची कीव आली नव्हती, ती आता आली, आणि तिचा फार रागही आला.

डोमानं पंचांशी कुजबुज केली आणि निकाल दिला. "म्हातारा भुकेला आहे म्हनून धरते. पयले त्याले जेवू घाला. त्याचे हात भरले पायजेत. मंग नवा लमसेना सोडा, थो सरका पोरीकडं जाईन."

घरात होती लाखोळीची डाळ. इतवारीनं तिचं पातळ कढण केलं, निववलं, आणि हंड्यात नवं धुतलेलं तणस भरून त्यावर घडाभर ओतू लागली. साहेब आडवे आले. "अहो, काय करताय! माझा प्रयोग! वरण कसलं ओतताय त्यात!"

"निकाल झाला आहे साहेब," डोमा म्हणाला. "तुमी वरपक्ष. गप बसा."

कढण तणसात जिरू दिलं. मग बरणीतला उरलासुरला रस घातला. साहेब हंड्याकडं पाठ करून बसले, पागोटं तसंच डोक्यावर. दुसऱ्या दिवशी केवळ आपलं कसं वाटोळं झालं हे दाखवायला म्हणून त्यांनी निळ्या औषधात थेंब घातले आणि तापवले.

औषध हिरवट झालं. मग पिवळं. मग विटकरी लाल.

साहेबांनी बाटली उन्हात धरली, पुन्हा धरली. मग त्यांनी झिंगूला मिठी मारली. "चिकटलं! कढण चिकटलं! डाळीतलं प्रथिन जाऊन काष्ठद्रव्यावर बसलं, तिथं जागाच ठेवली नाही! विकर गेले थेट तंतूकडं! अहो, पोटभर जेवला की तुमचा म्हातारा!"

"मी तं तेच म्हनलं होतं," डोमा म्हणाला. त्यानं ते म्हटलं नव्हतं, पण असू द्या.

पाणी गाळून लटारूनं आटवायला घेतलं. आटलं, आटलं, आणि आटतच गेलं. एवढ्या गंजीतून शेवटी कढईच्या बुडाशी बोराएवढा काळा गोळा उरला. मोहाचं पहिलं फूल त्याच सकाळी पडायचं, पण रात्री गारठा होता म्हणून ते अडलं. नशीब म्हणतात ते हेच.

सगळं गाव अंगणात. झिंगूनं एका हातानं लटारूचं मनगट धरलं होतं, ते तो असंच धरायचा, आणि दुसऱ्या हातानं गोळ्याला बोट लावून चाटलं. सुकरी समोर उभी होती.

"गोड आहे," झिंगू म्हणाला. लोक ओरडले. "पन..."

आलाच तो पण!

"पन एवढ्यानं गावाचं तोंड कसं गोड होईन? चुना लागून राह्यला. असं करू. पुढच्या सुगीले मोठा हंडा लावू, परातभर गूळ काढू, मंग थाटात..."

लटारूनं हात सोडवायला ओढला. झिंगूची पकड घट्ट होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लटारूला एक हिसडा पुरला असता. त्याच्यानं तो देववेना.

तेव्हा सुकरी पुढं आली. बापाशी ती भांडली नाही. ती साहेबांकडं वळली.

"साहेब, परातभर गूळ काढाचा तं तुमाले इथीच राहा लागन ना?"

"अर्थात!" साहेब म्हणाले. त्यांचे डोळे अजून लाल बाटलीवरून हलले नव्हते. "उकड वाढवायला हवी, कढणाचं प्रमाण बघायला हवं... निदान दोन सुग्या तरी. पण इतके दिवस मी राहू कुठं?"

"बाच्या घरी," सुकरी म्हणाली, "बाले विचारा."

साहेब झिंगूपाशी आले. "झिंगूभाऊ, मी तुमच्याकडं राहिलो तर चालेल का? आणि त्या दिवशी हंड्यापाशी तुम्ही सांगत होतात ती अर्धवट राहिलेली वाघाची गोष्ट... तो झाडावर चढला, मग पुढं?"

झिंगूनं त्यांच्याकडं पाहिलं. पुढं काय झालं हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लटारू नुसतं "हो जी" म्हणायचा.

"पुढं लय झालं," झिंगू म्हणाला. "बसून सांगा लागते. पन साहेब, थे कुडाले भोक पडलं आहे तिकडं. एवढं बुजवता बुजवता..."

"कुठं? दाखवा बरं."

आणि भोक दाखवायला झिंगूनं साहेबांचं मनगट धरलं. एक हात धरायला लागला, दुसरा भोकाकडं दाखवायला. लटारूच्या मनगटावर फक्त बोटांचे वळ उरले. झिंगूच्या ते ध्यानातही आलं नाही.

डोमानं ती घडी वाया जाऊ दिली नाही. "सोडलं! सगळ्यांनी पाह्यलं! गूळ झाला, मातीचा शब्द आहे, मांडव घाला!"

आता काय राहिलं होतं? मोहाच्या आणि जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला, ढोल वाजले. बोराएवढा गूळ मोठ्या रांजणात घोळला आणि एकेक द्रोण गावाला वाटला. चव होती ती नुसती चुन्याची. सगळ्यांनी "गोड आहे, लय गोड आहे" म्हटलं आणि वरून मोहाची घेतली. वरपक्षाचं पागोटं साहेबांच्या डोक्यावरच होतं. झिंगू रडला, मग नाचला, आणि साहेबांना नाचता येत नाही म्हणून त्यांच्यावर चिडला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला लटारूनं खोपी बांधली. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी त्याला पहाटेच जाग आली. वाऱ्यावर झिंगूचा आवाज येत होता. "झाला का कूड? मंग खळं घ्या." आणि पुण्याचा एक आवाज उत्तर देत होता, "हो जी. पण मले आधी ते वाघाचं सांगा."

लटारूनं कोयता उचलला आणि दारापर्यंत गेला.

"कुठी चालले?" सुकरीनं विचारलं.

"कुठी नाई." त्यानं कोयता खाली ठेवला. "काय काम आहे?"

"काई नाई. बसा इथी."

तो बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आधी गुडघ्यावर ठेवले, मग काखेत घातले. इतकी सालं या घडीसाठी राबलो आणि ही घडी कशी वापरायची तेच शिकलो नाही, असं वाटून त्याला रडू येऊ लागलं.

सुकरीनं त्याचं मनगट धरलं, वळ होते तिथंच, पण हलकं. "पाय चेपून देऊ नका म्हंजे झालं," ती म्हणाली.

लटारूला हसू फुटलं. मग तिलाही. पोट दुखेपर्यंत हसले दोघं.